वेळअमावास्येस विहीर मोजावी

रेणापूर तालुक्यात, किंबहुना साऱ्या लातूर जिल्ह्यात, मार्गशीर्षातील अमावास्या घरात नव्हे, तर शेतात साजरी होते. कडब्याची कोप उभारून तीत पाच पांडव मांडावयाचे, पूजा करावयाची आणि भज्जी, आंबील व बाजरीचे उंडे यांचे जेवण पिकाच्या कडेला पंगत मांडून करावयाचे, अशी ही जुनी रीत आहे. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलतात. घरातील म्हातारी माणसे, माहेरी आलेल्या लेकी, शाळेतील मुले व नोकरीनिमित्त शहरात राहणारा भाऊ ही सर्व मंडळी एकाच वेळी एकाच बांधावर बसली आहेत, असा दुसरा दिवस वर्षात क्वचितच येतो. म्हणूनच माझे असे मत झाले आहे की, माळवे करणाऱ्या लहान शेतकऱ्याने सरलेल्या हंगामाचा आढावा घेऊन उन्हाळी हंगामाची आखणी करावयाची ती याच दिवशी. आणि त्या आखणीचा आरंभ बाजारभावापासून न करता विहिरीपासून करावा.

२०२५ च्या डिसेंबरातील वेळअमावास्येस रेणा नदीच्या खोऱ्यातील एका गावी मला जेवणाचे आमंत्रण होते. यजमानांची जमीन अडीच एकर. त्यांपैकी दोन एकरांत खरिपात सोयाबीन व मागाहून हरभरा, आणि विहिरीलगतच्या वीस गुंठ्यांत माळवे. जेवणे उरकल्यावर दादा म्हणाले, "साहेब, औंदा उन्हाळ्यात सगळ्या वीस गुंठ्यांत टमाटाच लावावा म्हणतो." कारण विचारता त्यांनी सांगितले की, सप्टेंबरातील अतिवृष्टीने सर्वांचीच माळवी नासली, त्यामुळे ज्यांची वाचली त्यांना पुढे चांगला भाव मिळाला, आणि त्यांच्या एका नातलगास त्यातून चार पैसे सुटले. मी विचारले, "मागच्या वैशाखात विहिरीला पाणी किती होते?" दादा थोडा वेळ गप्प राहिले व मग म्हणाले, "होतं की. पुरलं."

टोमॅटोचा भाव त्यांना आठवड्यावार पाठ होता. विहिरीच्या पाण्याचा एकही दिवस नेमका आठवत नव्हता. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. भावाची चर्चा चार माणसांत, पारावर व बाजारात होते. विहिरीत मात्र ज्याची तोच डोकावतो, आणि तोही मोटर बंद पडली तरच. येथे गोष्ट केवळ विस्मरणाची नव्हती. रोपे, आच्छादनाचा कागद, बांबू व तार यांसाठी दादा उसनवारी करण्याच्या बेतात होते. पिकाने दगा दिला तर फेड सोयाबीनमधून करावी म्हणावे, तर सोयाबीनचे निम्मे रान आधीच पाण्याखाली गेलेले.

या जागी मला माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. २०१५ च्या माघात, भाव तेजीत आहेत एवढे पाहून, मी एका गावातील सात-आठ शेतकऱ्यांस उन्हाळी टोमॅटो लावण्याचा आग्रह केला होता. २०१४ चा पाऊस अपुरा झाला होता, हे मला ठाऊक होते. परंतु माघात विहिरींतून पाणी दिसत होते, आणि दिसणारे पाणी हे टिकणारे पाणी असे मी धरून चाललो. चैत्रात फळे लिंबाएवढी झाली असता एकामागून एक विहिरींनी तळ दाखविला. त्या वर्षीचा पावसाळाही गेला आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाणी लातुरास आणण्याची वेळ आली. त्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाने ज्या गाडीची बातमी वाचली, तिच्यातील पाणी वीस गुंठे माळव्याला पाटाने दिले असते तर पाच पाळ्यांत संपले असते! हा हिशेब मी त्या वर्षी प्रथम मांडला. तो माघातच मांडावयास हवा होता.

हिशेब अवघड नाही. वीस गुंठे म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर. पाटाने एक पाळी दिली म्हणजे जमिनीवर सरासरी पाच सेंटिमीटर पाणी बसते असे धरले, तर एका पाळीस एक लाख लिटर लागले. आता विहिरीकडे पाहू. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट उंचीचे पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर होय. म्हणजे एका पाळीला विहिरीतील अकरा फुटांहून थोडे अधिक पाणी खर्ची पडते. आपल्याकडे विहिरीची खोली परसांत सांगण्याची पद्धत आहे, परंतु परस माणसागणिक बदलतो. त्यापेक्षा सुताच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारून खाली दगड बांधावा, हे साधन प्रत्येकाच्या घरी तयार होण्याजोगे आहे.

आम्ही त्या दिवशी तशीच दोरी केली. विहीर वीस फूट व्यासाची निघाली आणि तीत सव्वीस फूट पाणी होते. मोटर चालू करून दोनशे लिटरच्या पिंपाखाली नळी धरली, तो पिंप पंचवीस सेकंदांत भरले. म्हणजे मिनिटास ४८० लिटर. तासभर मोटर चालविल्यावर पाणी सुमारे तीन फूट उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या मुलाने मोजून फोनवर कळविले की, विहीर पुन्हा होती तेथे आली. दादांना वाटले, एवढे पाणी असता साहेब उगाच भीती घालतात. परंतु पौषाच्या तोंडावर विहीर रात्रीत भरते म्हणून ती वैशाखातही भरेल असे नव्हे. आपल्या भागातील विहिरी काळ्या पाषाणात आहेत. त्या खडकाच्या भेगांत व वरच्या मुरमाच्या थरांत जेवढे पाणी मावते तेवढेच साठते. उरलेले नदीला जाऊन मिळते. तेव्हा अतिवृष्टीच्या वर्षी पाऊस दुप्पट पडला तरी वैशाखातील झरा दुप्पट होत नाही. भरल्या विहिरीने फसविलेले शेतकरी मी कोरड्या विहिरीने फसविलेल्यांपेक्षा अधिक पाहिले आहेत.

वैशाखातील झरा किती, हे त्या घरात एकाच व्यक्तीला ठाऊक होते. वहिनी तोवर भांडी आवरीत होत्या. त्या म्हणाल्या, "अक्षयतृतीयेच्या सुमाराला मोटर लावून मी चुलीवर तवा ठेवायची. दहा भाकरी होईतो मोटर हवा ओढायला लागायची. मग दुसऱ्या दिवशी सकाळीच." दहा भाकरींना वीस मिनिटे धरली. वीस मिनिटांत ९,६०० लिटर. वैशाखातील चोवीस तासांची विहिरीची कमाई एवढीच. त्यातून घर व दोन जनावरे यांचे पाणी प्रथम वजा जावयाचे.

आता पिकाची मागणी पाहा. कडक उन्हाळ्यात पूर्ण वाढीस लागलेले माळवे दिवसाला सहा मिलिमीटर पाणी घेते असे धरले, तर वीस गुंठ्यांस दररोज बारा हजार लिटर केवळ झाडांच्या तोंडी पडावे लागेल. मातीच्या पाटाने देताना निम्मे पाणी वाटेत मुरले वा वाफले, तर विहिरीतून चोवीस हजार उपसावे लागतील. कोठे चोवीस हजार आणि कोठे साडेनऊ! जानेवारीअखेर लागवड केलेला टोमॅटो चैत्र-वैशाखात ऐन फळावर असतो. म्हणजे ज्या महिन्यांत विहीर सर्वांत कमी देणार, त्याच महिन्यांत पीक सर्वांत अधिक मागणार. ही आकडेमोड दादांच्या मुलीने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर मांडली आणि ती वही सर्वांच्या हातांतून फिरली. मी आणखी काही बोललो नाही.

पाण्याची बाजू कळल्यावर सरलेल्या हंगामाकडे वळलो. तारखा कोणास आठवत नव्हत्या, सण मात्र सर्वांस आठवत होते. हीच रीत उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. पोळ्यापर्यंत टोमॅटो उत्तम होता. महालक्ष्म्यांच्या आधी तीन दिवस पाऊस लागून राहिला व खालच्या अंगाच्या आठ गुंठ्यांत पाणी साचले. घटस्थापनेच्या आठवड्यात पुन्हा तेच झाले आणि दसऱ्यास टोमॅटोची झाडे उपटून बांधावर टाकली. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले म्हणजे मुळांस हवा मिळत नाही. दोन-तीन दिवसांत झाड मान टाकते आणि मागाहून कितीही फवारले तरी उठत नाही. दादांनी मात्र त्या काळात दोन वेळा बुरशीनाशक फवारले होते. तो खर्च चराच्या ऐवजी केलेला खर्च होय, असे मला स्पष्टपणे म्हणावे लागले. वरच्या अंगास, जेथे वहिनींनी उंच वरंब्यावर गवारीच्या चार ओळी टोकल्या होत्या, तेथे त्याच पावसात गवार उभी राहिली.

भेंडीची हकीकत अधिक बोधप्रद आहे. आषाढात पेरलेली भेंडी हळद्याने गेली, असे दादांनी सांगितले. हळद्या म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणुरोग, आणि त्याचा प्रसार पांढरी माशी करते. या रोगास तोंड देणारे "परभणी क्रांती" हे वाण १९८० च्या दशकात आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिले. पुढे रोगाने त्याही वाणावर अनेक ठिकाणी मात केली, आणि वाण वेळोवेळी विचारून घ्यावे लागते, हे खरे. परंतु या शेतात खरा प्रकार निराळाच निघाला. हळद्या चौथ्या हिश्शाच्याही आत होता. भेंडीची तोडणी एक दिवसाआड व्हावयास हवी. एरवी शेंग जून होऊन बाजारात जात नाही, आणि जून शेंगा झाडावर राहिल्या की नवी फुले कमी येतात. ऐन तोडणीच्या काळात सोयाबीनची काढणी आली. उघडीप मिळताच घरातील सारे हात तिकडे गेले, मजूर मिळेनात, आणि भेंडी बारा दिवस तोडल्यावाचून राहिली. भेंडी रोगाने मेली नाही, हातांवाचून मेली. हे वहिनींनी सांगितले नसते तर दादा रोगप्रतिबंधक वाणाच्या शोधात हिंडले असते आणि पुढल्या वर्षी पुन्हा आषाढातच पेरते झाले असते.

पैशाचा हिशेब थोडक्यात आटोपतो. टोमॅटोने बी, बांबू, तार व औषधे यांचा खर्चही भरून दिला नाही. नफा झाला तो दिवाळीच्या सुमारास निघालेल्या दोन गुंठे मेथी-कोथिंबिरीत. खालच्या अंगाचा वाफसा येताच वहिनींनी ती फोकून दिली होती, आणि ती महिन्याभरात निघाली. त्या दोन गुंठ्यांना दादा "बायकांचं किरकोळ" म्हणत असल्याने ती हिशेबात धरलीच नव्हती. घरी खाल्लेली भाजी तर कोणीच धरीत नाही. ती बाजारातून आणावी लागली असती तर किती पैसे गेले असते, एवढे मनात आणून पाहावे.

राहिला भावाचा प्रश्न. भाव पाहूच नये, असे मी म्हणत नाही. परंतु आज कानावर येणारा भाव हा तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी केलेल्या लागवडीचा भाव आहे, हे ध्यानात ठेवावे. टोमॅटोची रोपे तयार होण्यास पंचवीस ते तीस दिवस आणि लागवडीपासून पहिल्या तोड्यास साठ ते सत्तर दिवस लागतात. आज भाव ऐकून बी टाकणारा एकटा नसतो. त्याच आठवड्यात शेकडो जण तेच करितात आणि सर्वांचा माल एकाच पंधरवड्यात बाजारात येतो. २०२३ च्या जुलैत शहरांतून टोमॅटो किलोस शंभर रुपयांच्या पुढे गेला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतल्याचे आपण पाहिले. वीस गुंठेवाल्याचे बळ भावाच्या मागे धावण्यात नाही. आठवड्याला गुंठा-दीड गुंठा याप्रमाणे निरनिराळा माल थोडाथोडा काढीत राहण्यात त्याचे बळ आहे. एका आठवड्यात भाव पडला तर त्याचा गुंठाभर माल पडेल, हंगाम पडणार नाही.

आता आखणी. कोपीत जुन्या ठिबकाच्या नळ्या गुंडाळून पडल्या होत्या. तोट्या चोंदल्या म्हणून दोन वर्षे त्या वापरात नव्हत्या. त्या धुऊन व काही तोट्या बदलून आठ गुंठ्यांपुरता संच होतो असे दिसले. आठ गुंठ्यांस ठिबकाने दिवसाला सुमारे साडेपाच हजार लिटर लागतील. साडेनऊ हजारांतून घर व जनावरे यांचे वजा जाऊन हाती थोडे उरते, आणि ते उरावयास हवेच, कारण ज्येष्ठात मृग लांबला तर झरा आणखी बारीक होईल. दादांनी विचारले, "बारा गुंठे केले तर?" बारा गुंठ्यांचा आकडा आठ हजारांवर जातो. मागचा वैशाख तंतोतंत तसाच आला तर बारा गुंठे जमतील. त्याहून पाच मिनिटे मोटर कमी चालली तर जमणार नाहीत. मी आठच सांगितले.

त्या आठ गुंठ्यांत तीन गुंठे टोमॅटो, वरच्या अंगास. कारण ज्या जागी खरिपात टोमॅटो होता तेथे पुन्हा टोमॅटो, वांगी वा मिरची घेऊ नये. ही तिन्ही एकाच कुळातील असून एकीचे मुळांवरील सूत्रकृमी व मर दुसरीस लागतात. उपटलेल्या झाडांच्या मुळांवर गाठी दिसल्या काय, हे पाहावयास हवे होते. ती झाडे जाळून टाकलेली असल्याने ते राहून गेले. दोन गुंठे गवार. दोन गुंठे मांडवावर दोडका, आणि त्याच्या सावलीत कोथिंबीर, कारण उघड्यावरील कोथिंबीर आपल्या उन्हात टिकत नाही. उरलेल्या एका गुंठ्याचे लहान वाफे करून त्यांत दर आठ दिवसांनी एकेक वाफा मेथी, तीही फाल्गुनापर्यंतच. शेणखत सर्वत्र न विखुरता या आठ गुंठ्यांतच घालावे.

उरलेल्या बारा गुंठ्यांबद्दल दादांस वाईट वाटत होते. पडीक रान पाहून शेतकऱ्याच्या पोटात कालवते, हे मी जाणतो. परंतु ते रान पडीक नव्हे. आज उभी असलेली पालक व कांद्याची पात निघाल्यावर ते नांगरून चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापू द्यावे. त्याने जमिनीतील कीड-बुरशी कमी होते. मृगाच्या आधी, जमीन कोरडी असतानाच, उताराच्या बाजूने चर काढावा व गादीवाफे उंच करून घ्यावेत. पाऊस पडल्यावर काळ्या रानात चर काढू म्हणणाऱ्याचा पाय आधी बाहेर काढावा लागतो! भेंडी आषाढात न पेरता उन्हाळ्याच्या अखेरीस थोड्या ओलिताच्या आधाराने टोकून घ्यावी, म्हणजे तिचा मुख्य बहर सोयाबीनच्या काढणीआधी आटोपेल. यास वहिनींनी लागलीच मान डोलाविली. तोडणारे हात त्यांचेच होते.

गावपातळीवर काम करणाऱ्या बंधु-भगिनींना येथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हा रेणापूर हैदराबाद राज्याच्या बीड जिल्ह्यात होते. तेथून लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला, रेणापूर तालुका १९९९ मध्ये झाला. कागदाची दैनंदिनी जाऊन हातात फोन आला. परंतु आपण शेतकऱ्यास विचारतो ते प्रश्न फारसे बदलले नाहीत. क्षेत्र किती, वाण कोणते, उत्पन्न किती? मोटर हवा केव्हा ओढू लागली, तोडणी कोणत्या आठवड्यात चुकली, पाणी कोणत्या कोपऱ्यात साचले, हे रकान्यात नाही म्हणून आपण विचारीत नाही. आणि विचारलेच, तर ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला विचारतो. माळव्यात पेरणी, खुरपणी व तोडणी ही बहुतांशी बायकांच्या हातची कामे असतात; त्या घराच्या आत असताना बाहेर ओट्यावर घेतलेला आढावा हा निम्म्या शेताचा आढावा असतो. वेळअमावास्येस आपणांस जेवावयास बोलावतात, तेव्हा खिशात गाठींची दोरी असावी. आमंत्रण देणाऱ्यास त्याचे वाईट वाटत नाही.

आम्ही उठलो तेव्हा उन्हे कलली होती. पुढील मोजणी महाशिवरात्रीस करावयाची, आणि त्या दिवशी चोवीस तासांत विहीर तीन फुटांहून कमी चढली तर टोमॅटोच्या जवळ लावावयाचा दोडका लावू नये, असे ठरले. दोरी दादांनी मोटरीच्या खोलीत खिळ्याला अडकवली. मुलीने वहीचे ते पान फाडून घेतले, कारण वही शाळेची होती, आणि वहिनींनी ते बियांच्या डब्यात ठेवले.